आडनाव सिंग, आजीची भाषा स्पॅनिश

आजचा धागा बराच लांब आहे. सवड काढून वाचावा. विषय कॅलिफोर्नियातील एका लहानशा समाजाचा आहे, आणि त्यातही त्या समाजातील पंधरा-सतरा वर्षांच्या मुलामुलींचा.

मेक्सिकोच्या सीमेला खेटून, कॅलिफोर्नियाच्या दक्षिण टोकाला इम्पीरियल व्हॅली नावाचे खोरे आहे. तेथील काही जुन्या कुटुंबांतील नावे वाचताना माणूस क्षणभर थबकतो. पहिले नाव होसे, रोसा किंवा आल्फ्रेदो; आणि आडनाव सिंग, नाहीतर खान. ही टोपणनावे नव्हेत, की हौसेने घेतलेली नावेही नव्हेत. वडील पंजाबातले आणि आई मेक्सिकन, अशा घरांत जन्मलेल्या मुलांची ही रीतसर नोंदवलेली नावे आहेत.

या कुटुंबांची आज तिसरी-चौथी पिढी नांदते आहे. मधल्या पिढ्यांत गोऱ्या अमेरिकनांशी, इतर मेक्सिकनांशी, आणखी कोणाकोणाशी विवाह झाले. परिणामी आजचा एखादा पणतू वा पणती एक चतुर्थांश किंवा एक अष्टमांश मेक्सिकन असते, आडनाव मात्र सिंग. अशा मुलीने वयात येताना ‘मी हिस्पॅनिकही आहे’ असे म्हटले की ऐकणाऱ्याच्या भुवया उंचावतात. सिंग आणि हिस्पॅनिक? हा दूरचा वारसा हिला आजच कसा आठवला?

(ज्यांना हा शब्द नवा आहे त्यांच्यासाठी: स्पेन वा स्पॅनिशभाषक देशांशी ज्यांचे मूळ जोडलेले आहे, त्यांना अमेरिकेत हिस्पॅनिक म्हणतात. अलीकडे लॅटिनो हा शब्दही चालतो.)

मला त्या भुवयांविषयी लिहायचे आहे. हा वारसा मुळात दूरचा नव्हताच. तो घराच्या स्वयंपाकघरात बसलेला होता. त्याला दूर नेण्याचे काम कायद्याने, आडनावाने आणि जनगणनेच्या तक्त्याने केले, आणि थोडेफार त्या कुटुंबांनी स्वतःही केले. कसे, ते क्रमाने पाहू.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दीड दशकात पंजाबातून काही हजार पुरुष उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर पोहोचले. बहुतेक जालंधर, होशियारपूर, लुधियाना या भागांतील शेतकरी कुटुंबांतले. बहुसंख्य शीख, काही मुसलमान, हिंदू अगदी थोडे. तरीही अमेरिकेत सर्वांना सरसकट ‘हिंदू’ म्हणत. तेथे त्या शब्दाचा अर्थ हिंदुस्थानातून आलेला, एवढाच. पुढे हा शब्द वारंवार येणार आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो: या धाग्यातील अमेरिकन ‘हिंदू’ बहुधा शीख असतो.

हे पुरुष एकटे आले होते. कित्येकांच्या बायका गावी होत्या. चार पैसे जमवून परतायचे किंवा बायकोला बोलावून घ्यायचे, असा बेत. १९१७च्या स्थलांतर कायद्याने आशियाचा मोठा पट्टा ‘प्रतिबंधित क्षेत्र’ ठरवला आणि तो बेत मोडला. हिंदुस्थानातून कामगार वा त्यांचे कुटुंबीय येणे बंद झाले. परत जावे, तर पुन्हा आत येण्याची खात्री नाही. राहावे, तर एकट्यानेच.

याच सुमारास इम्पीरियल व्हॅली हिरवी होत होती. मुळात ते वाळवंट. १९०१मध्ये कोलोरॅडो नदीचे पाणी कालव्याने तेथे आणले गेले आणि पाठोपाठ कापूस आला. पाटाच्या पाण्यावरची शेती पंजाब्यांना अंगवळणी पडलेली होती. चार-पाच जणांनी भागीदारीत जमीन खंडाने घ्यायची, एकाच छपराखाली राहायचे, आळीपाळीने रांधायचे, अशी त्यांची वस्ती उभी राहिली.

कापूस वेचायला माणसे लागत. ती आली सीमेपलीकडून. १९१०पासून मेक्सिकोत क्रांती पेटली होती. गावेच्या गावे उठत होती. आई, दोन-तीन मुली, एखादा लहान भाऊ, अशी घरे सीमा ओलांडून कापसाच्या शेतांत राबू लागली. त्याच शेतांत पंजाबी खंडकरी होते. १९१६-१७पासून विवाह होऊ लागले. पुष्कळदा एका बहिणीचे लग्न झाले की दुसरीचे त्याच्या भागीदाराशी होई. म्हणजे जे शेतीतले भागीदार, तेच साडूही झाले.

या इतिहासाचा पायाभूत अभ्यास केला तो केरन लेनर्ड या विदुषीने. (त्यापूर्वीचे त्यांचे काम हैदराबादच्या कायस्थांवरचे. हैदराबादच्या दप्तरांतून एकदम इम्पीरियल व्हॅलीच्या दप्तरांत, हा प्रवास मला स्वतःला फार आवडतो.) १९९२मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात साडेतीनशेहून अधिक जोडप्यांच्या नोंदींचा धांडोळा आहे, आणि त्यांतील बहुसंख्य पत्नी हिस्पॅनिक आहेत.

विवाह परवान्याची गंमत पाहा. गोऱ्यांनी कृष्णवर्णीय किंवा ‘मंगोलियन’ ठरवलेल्यांशी लग्न करण्यास कॅलिफोर्नियात कायद्याने बंदी होती. त्या कायद्याच्या यादीत हिंदुस्थानींचा स्पष्ट उल्लेख नव्हता. मेक्सिकन लोक कायद्याच्या दृष्टीने पुष्कळदा ‘गोरे’ धरले जात. व्यवहारात कोणी त्यांना तसे वागवत नसे. मग परवाना द्यायचा की नाही? निर्णय काउंटीच्या कारकुनाच्या नजरेवर. नवरा-नवरी दोघेही त्याच्या डोळ्यांना सारखेच सावळे दिसले की तो वंशाच्या रकान्यात दोघांपुढे ‘ब्राऊन’ असे लिही आणि शिक्का मारी. एका कुटुंबाची सुरुवात अशी एका कारकुनाच्या रंगपारखीवर झाली. ज्याचे कारकुनाशी जमले नाही, तो परवान्यासाठी दुसरीकडे जाई.

(राज्याचा हा कायदा १९४८मध्ये पेरेझ विरुद्ध शार्प या खटल्यात कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने रद्दबातल ठरवला. त्यातील आंद्रेआ पेरेझ मेक्सिकन वंशाची, म्हणून कागदावर गोरी. तिचा नियोजित वर कृष्णवर्णीय.)

ही लग्ने गुलाबी रंगात रंगवण्याचा मोह टाळावा. नवरा पस्तीस-चाळिशीचा आणि मुलगी विशीच्या आतबाहेर, असे अंतर सर्रास असे. भाषा वेगळी, धर्म वेगळा. घटस्फोटाचे अर्ज बरेच आहेत, आणि ते स्त्रियांनीही केलेले आहेत. पंजाबातल्या बाईला जी वाट उपलब्ध नव्हती ती या बायकांना होती, आणि त्यांनी ती वापरली.

कायद्याचा फास मात्र आवळतच गेला. १९१३च्या कॅलिफोर्निया भूमी कायद्याने, ज्या परकीयांना नागरिकत्व मिळूच शकत नाही त्यांना शेतजमिनीची मालकी नाकारली. १९२०मध्ये खंडाची वाटही बुजवली. १९२३मध्ये भगतसिंग थिंद खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की हिंदुस्थानी हे ‘गोरे’ नव्हेत, सबब नागरिकत्वास अपात्र. त्याआधीच, १९२२च्या केबल कायद्यानुसार, अशा अपात्र परकीयाशी लग्न करणारी अमेरिकन स्त्री आपले नागरिकत्व गमावून बसे. ही तरतूद १९३१पर्यंत टिकली. म्हणजे मेक्सिकन वंशाची, पण अमेरिकेत जन्मलेली मुलगी पंजाब्याशी लग्न करून आपल्याच जन्मभूमीत परकी होत असे.

या घरात नागरिक कोण? केवळ मुले. अमेरिकेत जन्मली म्हणून. पुढे कित्येक बापांनी शेतजमीन मुलांच्या नावे केली. पाळण्यातले मूल सातबाऱ्यावर आणि बाप त्याचा पालक, असे चित्र डोळ्यांपुढे आणा.

आता घराच्या आत चला. भाषा स्पॅनिश. बाप शेतावर मेक्सिकन मजुरांशी स्पॅनिश बोले, घरी बायकोशी स्पॅनिश, आणि मुलांशीही तीच. पंजाबी तो आपल्या भागीदारांशी बोले. मुलांना ती क्वचितच शिकवली गेली. बापांची नावेदेखील स्पॅनिश झाली. इंदरचा आंद्रेस झाला. मुलांचा बाप्तिस्मा कॅथलिक चर्चमध्ये होई. अन्यधर्मीय बापांची त्यास सहसा हरकत नसे. देव एकच, या भूमिकेवर बहुतेक जण शांत होते.

मेक्सिकन समाजात बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाला धर्मपिता आणि धर्ममाता मिळतात. मुलाचे खरे आईबाप आणि हे धर्मपालक यांच्यात जे नाते जुळते त्याला ‘कोंपाद्रास्गो’ म्हणतात. आपल्याकडे त्याला नेमका शब्द नाही. व्याही आणि जिवलग मित्र यांच्या मधले काहीतरी समजा. पंजाबी भागीदार एकमेकांच्या मुलांचे धर्मपिते झाले. कॅथलिक चर्चच्या वहीत एका शिखाच्या मुलाचा धर्मपिता म्हणून दुसऱ्या शिखाचे स्पॅनिश नाव! चर्चच्या नियमांत हे कितपत बसत होते, याची फारशी चिकित्सा कोणी केलेली दिसत नाही.

स्वयंपाकघरात मात्र पंजाब शिरला. नवऱ्यांनी बायकांना मुर्गीचा रस्सा आणि भाज्या शिकवल्या. पोळी शिकवण्याची गरज नव्हती. गव्हाचा तोर्तिया घरोघरी भाजला जात होताच.

थोडे विषयांतर, पण अस्थानी नव्हे. याच किनाऱ्यावर १९१३मध्ये गदर पक्ष उभा राहिला; खोऱ्यातील अनेक शेतकरी त्याचे वर्गणीदार होते. पक्षात मराठी माणसेही होती. विष्णू गणेश पिंगळे यांना १९१५मध्ये लाहोरला फाशी झाली. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे मात्र इराण, जर्मनी असा प्रवास करून १९२४मध्ये मेक्सिकोला पोहोचले, चापिंगोच्या कृषिविद्यालयात शिकवू लागले, मक्याच्या वाणांवर त्यांनी संशोधन केले, आणि दिएगो रिव्हेराने त्यांना आपल्या भित्तिचित्रात रंगवले. त्यांची पत्नी बेल्जियन होती. मेक्सिकोत जन्मलेली त्यांची कन्या सावित्री साहनी हिने पुढे त्यांचे चरित्र लिहिले. खोऱ्यातील पंजाब्यांची मुले आणि खानखोज्यांच्या मुली एकाच काळात, सीमेच्या दोन बाजूंना, स्पॅनिश बोलत वाढत होत्या.

मूळ मुद्द्यावर येतो. घर असे मेक्सिकन. मग कागदावर काय?

१९२०, १९३० आणि १९४०च्या अमेरिकन जनगणनेत ‘हिंदू’ हा चक्क एक वंश होता. १९३०मध्ये, फक्त त्या एकाच खेपेस, ‘मेक्सिकन’ हाही वंश म्हणून छापला गेला. प्रगणकांना दिलेल्या सूचना अशा: गोरा आणि बिगरगोरा यांचे अपत्य बिगरगोऱ्या पालकाच्या वंशात नोंदवावे, दोन्ही पालक बिगरगोरे असल्यास, एखादा अपवाद वगळता, बापाच्या वंशात.

आता हा नियम आपल्या कुटुंबाला लावून पाहा. आईला ‘मेक्सिकन’ धरले तर मूल बापाचे, म्हणजे हिंदू. आईला गोरी धरले तर मूल बिगरगोऱ्याचे, म्हणजे पुन्हा हिंदू. १९४०मध्ये मेक्सिकनांना परत गोऱ्यांत ढकलले, तरी उत्तर तेच. कोणत्याही वाटेने गेलात तरी आई गळते. जी भाषा मूल बोलत होते, ज्या वेदीपुढे गुडघे टेकत होते, ज्या आजीच्या मांडीवर निजत होते, त्यांपैकी कशाचीच खूण तक्त्यात उरत नाही. आडनाव तर बापाचे होतेच.

येथे सगळा दोष सरकारच्या माथी मारून मोकळे होणे सोपे आहे. पण ही मुले मोठी झाल्यावर स्वतःला काय म्हणवत? लेनर्ड यांच्या मुलाखतींत दुसऱ्या पिढीतील पुष्कळ जण अभिमानाने सांगतात: आम्ही हिंदू. पंजाबी येत नाही, गुरुद्वारात फारसे जाणे नाही, गळ्यात क्रूस, आणि तरी ‘हिंदू’. जोडशब्द वापरायचा झाला तर ‘मेक्सिकन-हिंदू’.

याची कारणे शोधताना खोऱ्यातील उतरंड ध्यानात घ्यावी लागते. मेक्सिकन म्हणजे मजूर, हंगाम संपला की पुढच्या शेताकडे निघणारा. पंजाबी म्हणजे खंडकरी का होईना, शेतकरी; ज्याला बँक कर्ज देते, ज्याचे जिनिंगवाल्याकडे खाते असते. बापाचे कूळ सांगण्यात प्रतिष्ठेचा थोडा अंश होता. शाळेत गोरी मुले त्यांना मेक्सिकनांत मोजत, आणि मेक्सिकन मुले त्यांना ‘हिंदू’ म्हणून हिणवत. अशा वेळी जो शब्द शिवी म्हणून फेकला जातो तोच उचलून छातीवर लावायचा, हे किशोरवयाला शोभणारेच आहे.

आईविषयीचे प्रेम कमी नव्हते. पण आईचे कूळ हा सांगण्याचा विषय नव्हता. ते रोजचे होते. रोजच्या गोष्टीला नाव देण्याची गरज कोणाला भासते?

वयात येणाऱ्या मुलांचे आणि बापांचे खटके याच काळात उडू लागले. नृत्याचे कार्यक्रम, मित्रमैत्रिणी, संध्याकाळी बाहेर जाणे, या सर्वांस बापांचा विरोध. विशेषतः मुलींच्या बाबतीत. मुलींनी आपल्याच मित्रांच्या मुलांशी लग्न करावे, असे काहींना वाटे. मुलांनी ऐकले नाही. कोणी मेक्सिकनाशी लग्न केले, कोणी गोऱ्याशी, थोड्यांनी आपसांत. दुसऱ्या महायुद्धात मुलगे अमेरिकन सैन्यात गेले आणि जग बघून आले.

१९४६मध्ये लूस-सेलर कायद्याने हिंदुस्थानींना नागरिकत्वाचा हक्क मिळाला, आणि वर्षाला १०० जणांना येण्याची मुभा. तीस-तीस वर्षांनी बाप गावी जाऊन आले. काहींनी पंजाबातील नातलग बोलावले. क्वचित पहिली बायको वा तिची मुले पुढे आली, आणि जमिनीच्या वारशावरून तंटे उभे राहिले. मेक्सिकन आईच्या मुलांना प्रथमच जाणवले की बापाच्या कुळात आपली जागा गृहीत धरता येत नाही. दहा वर्षांनी, १९५६मध्ये, याच खोऱ्यातील एक शेतकरी, दलीपसिंग सौंद, अमेरिकन काँग्रेसवर निवडून गेले. त्या संसदेत पोहोचलेले ते पहिले आशियाई. (सौंद यांची पत्नी चेक वंशाची होती, त्यांना या धाग्यातील कुटुंबांत मोजू नये.)

१९६५नंतर स्थलांतराचे दार उघडले आणि उत्तर कॅलिफोर्नियातील युबा सिटीच्या परिसरात पंजाबातून सहकुटुंब माणसे येऊ लागली. या नव्या मंडळींना जुने ‘हिंदू’ दिसले, तेव्हा त्यांना धक्का बसला. जुन्या अमेरिकन गुरुद्वारांत खुर्च्या मांडलेल्या असत. नव्यांनी त्या हटवण्याचा आग्रह धरला. कॅथलिक, स्पॅनिश बोलणारा, केस कापलेला आणि वर ‘सिंग’ म्हणवणारा माणूस त्यांच्या चौकटीत बसेना. ज्यांनी आयुष्यभर बापाच्या कुळाचे नाव मिरवले, त्यांना त्या कुळातून आलेल्यांनीच विचारले: तुम्ही कोण?

या प्रश्नाने पुढच्या पिढीचे वळण बदलले असे मला वाटते. १९७०च्या दशकात युबा सिटीतील जुन्या कुटुंबांनी आपला एक वार्षिक मेळावा सुरू केला. नाचगाण्याचा, सर्वांना खुला. नवे पंजाबी तेथे फारसे फिरकले नाहीत.

आणि याच वर्षांत पलीकडून दुसरी हाक येत होती. मार्च १९६८मध्ये पूर्व लॉस एंजेलिसच्या शाळांतून हजारो मेक्सिकन-अमेरिकन विद्यार्थी वर्ग सोडून रस्त्यावर आले. मागण्या साध्या होत्या: आमचा इतिहास शिकवा, शाळेत स्पॅनिश बोलल्याबद्दल शिक्षा करू नका. ‘चिकानो’ हा एकेकाळी हलका समजला जाणारा शब्द मुलांनी मानाने लावून घेतला. ज्या कुळाचे नाव घेण्यात आईच्या पिढीला संकोच होता, ते आता सोळाव्या वर्षी उच्चारण्याजोगे झाले.

सिंग आडनावाच्या मुलासाठी मात्र हे प्रकरण सरळ नव्हते. चिकानो चळवळीच्या केंद्रस्थानी शेतमजूर होता. सेसार चावेझ यांच्या संघटनेचे झेंडे त्याच शेतांच्या बांधांवर लागत होते. १९७९मध्ये इम्पीरियल व्हॅलीत लेट्यूसच्या संपात रुफिनो कोंत्रेरास हा तरुण मजूर गोळीने मारला गेला. आजोबांनी घामातून उभी केलेली जमीन, आणि तिच्यावर राबणारे हात आजीच्या देशातले. हिस्पॅनिक वारसा स्वीकारायचा म्हणजे केवळ पंधराव्या वाढदिवसाचा किन्सेआन्येरा सोहळा आणि दिएगो रिव्हेराची चित्रे स्वीकारायची नव्हेत; बांधाच्या कोणत्या बाजूला उभे राहायचे, तेही ठरवावे लागते. वारसा ‘मिरवणाऱ्यां’वर टीका करणारे हा भाग सहसा विसरतात.

सरकारी शब्दही याच काळात घडला. १९७६च्या एका कायद्याने स्पॅनिश मूळ असलेल्या अमेरिकनांची वेगळी आकडेवारी ठेवणे बंधनकारक केले. १९७७च्या निर्देशाने ‘हिस्पॅनिक’ ही वर्गवारी पक्की केली. १९८०च्या जनगणनेत प्रत्येक घराला हा प्रश्न विचारला गेला, वंशाच्या प्रश्नापासून वेगळा. आणि त्याच १९८०च्या तक्त्यात वंशांच्या यादीत ‘एशियन इंडियन’ हा रकाना प्रथमच अवतरला. मधल्या काळात, १९७०मध्ये, हिंदुस्थानींना गोऱ्यांत मोजून झाले होते.

म्हणजे एकच मनुष्य १९४०मध्ये ‘हिंदू’, १९७०मध्ये ‘गोरा’ आणि १९८०मध्ये ‘एशियन इंडियन’. त्याने स्वतः काहीही बदलले नव्हते. पण १९८०मध्ये त्याला पहिल्यांदा वंशाच्या रकान्यात बापाची आणि हिस्पॅनिकच्या रकान्यात आईची खूण करता आली. पन्नास वर्षांपूर्वी जो तक्ता आईला गाळत होता, त्याच्याच नव्या आवृत्तीत तिच्यासाठी चौकोन निघाला. २०००पासून एकाहून अधिक वंश निवडण्याची सोय आली, आणि मार्च २०२४मध्ये ठरले की यापुढे वंश आणि हिस्पॅनिक मूळ हे दोन प्रश्न एकत्र करून विचारावेत, लागू पडतील तेवढ्या खुणा करू द्याव्यात.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो: चौकोन आहे म्हणून खूण, खूण केली की महाविद्यालयीन प्रवेशात (२०२३पर्यंत) वा शिष्यवृत्तीत लाभ, मग हा वारसा की सोय? आक्षेप पूर्णतः खोटा नाही. ज्याने स्पॅनिशचा एक शब्द शिकण्याचे कष्ट घेतले नाहीत, त्याची खूण मलाही हलकी वाटते. परंतु हाच प्रश्न सिंग आडनावाला कोणी विचारत नाही. त्याच मुलाला पंजाबीचा एक शब्द येत नसतो, तरी त्याचे ‘इंडियन’ असणे निर्विवाद मानले जाते, कारण आडनाव ती साक्ष फुकटात देते. बापाकडून आलेल्या वारशाला पुरावा लागत नाही. आईकडून आलेल्याला लागतो. मूल जितके दूर जाते तितका अधिक लागतो.

म्हणून किशोरवयातच हा प्रश्न का उसळतो, तेही उमजते. त्या वयात अर्जावर स्वतःच्या हाताने स्वतःविषयी लिहावे लागते. तोवर आईबाप लिहीत असतात, आणि त्याआधी कारकून लिहीत असे.

अशा एखाद्या मुलीने पणजीचा माग काढायचा म्हटला तर कोठून सुरुवात करावी? शाळेच्या दप्तरात पणजीचे माहेरचे नाव सापडण्याची आशा कमी. तेथे मूल आणि बापाचे आडनाव एवढेच उरते. जमिनीच्या कागदांत मुलांची नावे आणि पालक म्हणून बाप. जनगणनेत ‘हिंदू’. कबरस्तानातही दोघे एकत्र नाहीत: शीख नवऱ्याचे दहन झालेले, बायको कॅथलिक दफनभूमीत.

उरतात दोन वह्या. एक काउंटी कार्यालयातली विवाह परवान्यांची. तिच्यात कारकुनाने दोघांपुढे ‘ब्राऊन’ लिहिले आहे, पण मुलीचे नावही लिहिले आहे. दुसरी चर्चमधली बाप्तिस्म्याची. स्पॅनिश रिवाजात मूल बाप आणि आई या दोघांचीही कुळे घेऊन जन्माला येते, आणि बाप्तिस्म्याच्या नोंदीत आई आपल्या माहेरच्या नावानिशी येते. नोंद साधारण दोन ओळींची असते: मुलाचे नाव, तारीख, बापाचे नाव, बहुधा स्पॅनिश वळणाने चुकीचे लिहिलेले, मग आईचे नाव, संपूर्ण. खाली धर्मपित्याच्या जागी आणखी एक सिंग.